तास सारखे, झीज वेगळी: जुना चेन लोडर घ्यावा की जुना डोझर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समोर सत्तरच्या दशकातली दोन यंत्रं आहेत, एक कॅटरपिलर 955 एल चेन लोडर (चेनवर चालणारं, पुढे बकेट असलेलं यंत्र) आणि एक डी6 सी डोझर (चेनवरच चालणारं, पुढच्या ब्लेडने माती लोटणारं). दोन्हींच्या मीटरवर नऊ हजारांच्या आसपास तास. काम म्हणजे पडीक जमीन सपाट करायची, एक तळं खणायचं आणि अधूनमधून गाड्या भरून द्यायच्या. विचारणाऱ्याचं म्हणणं, "तास सारखे, आकार जवळपास सारखा, म्हणजे झीजही सारखीच असणार. मग बकेट असलेलं यंत्र घेतलं तर दोन्ही कामं होतील ना?"

झीज सारखी नसते. तीस वर्षं या दोन्ही यंत्रांच्या पोटाखाली झोपून काढली आहेत, म्हणून हे बेधडक सांगतो. लोडर वळून वळून झिजतो. डोझर ओढून आणि आदळून झिजतो. लोडरची झीज चेनवर, यंत्राचं वजन चेनवर पेलणाऱ्या पुढच्या रोलरांवर आणि बकेटच्या पिनांवर उघड दिसते. डोझरची बरीचशी झीज पोटात असते आणि ती दिसेपर्यंत सौदा होऊन गेलेला असतो. त्यामुळे दोन्ही यंत्रं एकाच नजरेने बघून चालत नाही.

लोडरचं मूळ लक्षात घेतलं की पुढचं सोपं जातं. सुरुवातीचे चेन लोडर म्हणजे चेनवाल्या ट्रॅक्टरवर नंतर चढवलेला बकेटचा सांगाडा. मिलवॉकीची ट्रॅक्सन कंपनी कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरसाठी असे सांगाडे बनवायची. 1951 मध्ये कॅटरपिलरने ती कंपनीच विकत घेतली आणि 1955 मध्ये 955, 977 ही नावं बाजारात आली. सांगाडा आणि ट्रॅक्टर एकत्र आखले गेले, पण इंजिन पुढेच राहिलं आणि बकेटचं ओझंही पुढेच. ऐंशीच्या दशकात इंजिन मागे नेऊन ते बकेटचा तोल सांभाळणाऱ्या वजनासारखं वापरलं, तोवर जुन्या लोडरच्या पुढच्या रोलरांनी सगळं निमूट सोसलं.

आता एका तासाचा हिशोब मांडू. लोडर ढिगात शिरतो, मागे येतो, गाडीकडे पुढे जातो, बकेट ओततो, परत मागे येतो. एका बकेटमागे चार वेळा दिशा बदलली आणि दोन-तीन वळणं झाली. गाडीची वाट बघणं धरून मिनिटाला एक बकेट म्हटलं, तरी तासाला 240 वेळा दिशाबदल. डोझर 50 मीटर माती लोटतो तेव्हा एकदा पुढे जातो, एकदा मागे येतो. फेरीला दीड मिनिट लागलं तर तासाला 40 फेऱ्या, 80 दिशाबदल आणि वळण जवळपास नाहीच. गंमत म्हणजे अंतर डोझरच जास्त कापतो. चाळीस फेऱ्यांचे झाले चार किलोमीटर. लोडर एका बकेटमागे तीसेक मीटर हलला तरी तासाला दोन किलोमीटरच्या आतच राहतो. कमी चालूनही त्याची चेन आधी जाते, कारण चेनला नुसत्या चालण्याचा त्रास कमी होतो, तिला वळणं जड जातं.

वळताना काय होतं ते एकदा खाली बसून बघा. आतल्या बाजूची चेन ब्रेकने थांबते, बाहेरची रेटते आणि चेनवर बसवलेल्या, जमिनीत रुतलेल्या प्लेटा आडव्या घासत जातात. तो आडवा जोर प्लेटांमधून लिंकांवर, म्हणजे चेनच्या कड्यांवर येतो, लिंकांच्या कडा रोलरच्या कडेच्या कॉलरवर दाबल्या जातात, आयडलरची (चेन पुढच्या टोकाला वळवणाऱ्या चाकाची) मधली उंच पट्टी दोन्ही अंगांनी घासते. भरलेली बकेट पुढे असल्यामुळे यंत्र नाकावर टेकून फिरतं आणि शेपूट मोठा फेरा घेते. म्हणून जुन्या लोडरच्या स्प्रॉकेटचे (चेन ओढणाऱ्या मागच्या दातेरी चाकाचे) दात बाजूने चमकलेले दिसतात. माती लोटणाऱ्या डोझरमध्ये ही बाजूची झीज इतकी दिसली तर मी वळणांचा विचार सोडतो आणि ट्रॅक फ्रेम, म्हणजे रोलर बसवलेला खालचा सांगाडा, वाकडी आहे का ते बघतो.

दुसरा मुद्दा उलट्या चालीचा. बुश म्हणजे पिनेवरची नळी, जिला स्प्रॉकेटचा दात पकडतो. यंत्र पुढे जाताना जमिनीवरचा चेनचा भाग ताणाखाली असतो, आणि सांधा वळतो तेव्हा मुख्यतः पिन बुशच्या आत फिरते. मागे जाताना ताण वरच्या भागावर येतो, तो आयडलरला वळसा घालून येतो, म्हणजे जास्त सांधे ताणाखाली वळतात. शिवाय दाबाखालचा बुश दातावरच घासत फिरतो. म्हणून उलट्या चालीत बुश आणि दात कितीतरी लवकर जातात. हे दोन्ही यंत्रांना लागू आहे. माती टाकून तिसऱ्या रिव्हर्समध्ये सुसाट परत येणारा डोझर ऑपरेटर आपल्याच बुशांची कबर खणत असतो. पण डोझर रिकामा मागे येतो. लोडर निम्म्या वेळा भरलेली बकेट घेऊन मागे येतो, आणि तेही वळत.

जुन्या लोडरची ट्रॅक फ्रेम बहुधा यंत्राला घट्ट जोडलेली असते, कारण बकेट ढिगात घालून वर उचलताना यंत्र डुलायला नको. डोझरच्या दोन्ही फ्रेम मागच्या बाजूला आडव्या शाफ्टवर झुलतात आणि पुढे इक्वलायझर बार नावाचा आडवा दांडा त्यांचा तोल सांभाळतो. खडबडीत जमिनीवर डोझरची एक बाजू दगडावर चढली तरी बाकीचे रोलर चेनला धरून राहतात. लोडर दगडावर चढला की सगळं वजन दोन-तीन रोलरांवर. म्हणून फुटक्या खडकात बराच काळ वापरलेला लोडर मी तास बघायच्या आधीच बाजूला ठेवतो.

प्लेटांतही फरक आहे. डोझरला एकाच उंच धारेची प्लेट असते, ती जमिनीत रुतते आणि ओढ देते. लोडरला दोन किंवा तीन बुटक्या धारांची प्लेट असते, म्हणजे वळताना जमीन कमी उकरली जाते आणि चेनवर आडवा जोर कमी येतो. या बुटक्या धारा घासून सपाट झाल्या की चेन जमिनीवर सरकायला लागते. मालक मग म्हणतो, "इंजिनात दम नाही." इंजिन ठीकच असतं, पाय घसरत असतात. आणखी एक चूक पुष्कळदा दिसते. दलदलीसाठी बनवलेल्या रुंद प्लेटा कोणीतरी खडकाळ कामावरच्या लोडरला लावलेल्या असतात. बाहेरच्या कडेखाली दगड आला की तीच प्लेट तरफ होऊन लिंक पिळते, बोल्ट सैल पडतात, पिना लिंकमध्ये फिरायला लागतात. एकदा पिनेचं भोक असं मोठं झालं की ती लिंक बदलण्यावाचून इलाज नाही.

चेनची झीज डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. हे काम दहा मिनिटांचं आहे. स्प्रॉकेटचे दात आणि चेन यांच्या मध्ये एक जुनी पिन अडकवा आणि यंत्र हळूच रिव्हर्समध्ये घ्या, म्हणजे वरची चेन ताठ होते. मग यंत्र बंद करा, ब्रेक लावा आणि चार लिंकांचं अंतर मोजा, एका पिनेच्या कडेपासून पाचव्या पिनेच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत. जोडाची पिन त्यात येऊ देऊ नका. डी6 किंवा कोमात्सु डी65 वर्गातल्या डोझरच्या नव्या चेनचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, 203 मिमी असतो, म्हणजे चार लिंका साधारण 813 मिमी. लिंकेमागे तीन मिमी वाढ, म्हणजे 824-825 आलं, तर ती चेन संपली असं समजा. वाचताना तीन मिमी क्षुल्लक वाटतात, पण एका बाजूला चाळीसेक लिंका असतात. त्या हिशोबाने चेन बारा सेंटीमीटर लांब झाली. लोडरचा पिच वेगळा असतो, तो त्याच्या पुस्तकातून घ्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिकाणी मोजा. डावी आणि उजवी यांत मोठा फरक आला तर ऑपरेटर कायम एकाच बाजूला वळून गाडी भरत होता असा अर्थ, आणि त्याच बाजूचे क्लच-ब्रेकही थकलेले निघतात.

आयडलर किती पुढे आला आहे तेही बघा. खूप पुढे आला असेल तर चेन लांबली आहे हे उघडच. पण आयडलर मागे आणि चेन ताठ दिसली म्हणून खूश होऊ नका, दोन्ही बाजूंच्या लिंका मोजा. एक लिंक काढून चेन तोकडी केली की लांबलेली चेनही तरुण दिसते. मला एकदा असा लोडर दाखवला होता. रंग ताजा, चेन ताठ, आयडलर अगदी आत. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा डावीकडे एक लिंक कमी आणि उजवीकडेही एक कमी. विकणारा म्हणाला, "कंपनीतूनच तशी आली." मी फक्त चहा पिऊन निघालो.

चेन कोरडी आहे की तेल भरलेली सीलबंद, हे विचारायला विसरू नका. सीलबंद चेन सत्तरच्या दशकात आली. तिच्या पिनेत तेल असतं, त्यामुळे आतून झीज जवळपास होत नाही आणि पिच वाढत नाही. पण सील फुटला की तो सांधा कोरडा पडतो आणि भराभर खातो. ओळखायचं कसं? यंत्र अर्धा तास चालवा, थांबवा, बंद करा आणि पिनांची टोकं तळहाताने न धरता बोटांच्या पाठीने हळूच चाचपा. बाकीच्या कोमट आणि एखादीच चटका देणारी असेल तर ती कोरडी पडली आहे. दोन-चार चालतील. एका बाजूला दहा-बारा असतील तर चेनचा भाव शून्य धरून बोलणी करा. कोरड्या चेनचे बुश वेळेवर 180 अंशांत फिरवून घेतले तर तिचं आयुष्य बरंच वाढतं, पण बुशची भिंत पातळ व्हायच्या आत. भिंत पातळ झाली की फिरवलेला बुश तडकतो आणि प्रेसवरची मजुरी पाण्यात.

ताणाबद्दल एकच सांगतो, कारण हे दोन्ही यंत्रांचं सर्वांत स्वस्त औषध आहे. मध्यम आकाराच्या यंत्रात वरच्या रोलर आणि आयडलर यांच्या मधला झोल साधारण 40 ते 50 मिमी असावा, नेमका आकडा पुस्तकात बघा. आणि तो मोजा कामाच्या जागी, स्प्रॉकेटमध्ये जी माती भरते ती भरलेली असताना. धुऊन-पुसून कोरड्या जागेवर ताण लावला आणि चिखलात गेलात, की दातांच्या मुळाशी माती बसते, बुश वर उचलले जातात आणि चेन तारेसारखी ताणली जाते. चेन कडकड वाजायला लागली की ते ऐकू येतंच. लोडरवाले हे जास्त करतात. वळताना चेन उतरेल या भीतीने ती घट्ट ठेवतात आणि वळणामुळे आधीच जास्त झिजणाऱ्या चेनला आणखी जाच करतात.

आता वरच्या भागाकडे. 955 एल सारख्या लोडरमध्ये स्टिअरिंग पायाच्या पेडलवर असतं, कारण हात बकेटच्या दांड्यांवर गुंतलेले. दिवसभर शेकडो वेळा पाय दाबला जातो. वळायच्या बाजूच्या चेनचा क्लच अर्धवट सुटतो, ब्रेक अर्धवट लागतो, दोन्ही घासत राहतात. कोरड्या क्लचमध्ये तेल गळून शिरलं तर प्लेटा घसरायला लागतात आणि यंत्र एका बाजूला हट्टाने वळत नाही. डोझरमध्ये हात दांड्यावर असतो, वळणं कमी असतात, म्हणून क्लच जास्त टिकतात. घसरणाऱ्या क्लचची परीक्षा सोपी आहे: मोकळ्या सपाट जागी वरच्या गिअरमध्ये यंत्र चालवा आणि दोन्ही क्लच लागलेले असताना ब्रेक दाबा. इंजिन दबलं पाहिजे. इंजिन मजेत फिरत राहिलं आणि यंत्र थांबलं, तर त्या बाजूचा क्लच घसरतो आहे. दर मिनिटाला चार वेळा पुढे-मागे करणाऱ्या लोडरच्या पॉवरशिफ्ट (तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्समधली फॉरवर्ड-रिव्हर्सची क्लच पॅकही अशीच थकते. तेल गरम झाल्यावर दिशा बदलताना यंत्र क्षणभर विचारात पडतं का, ते बघा. थंड यंत्रावर घेतलेल्या चाचणीवर काही ठरत नाही.

लोडरची खरी स्वतःची झीज मात्र पुढच्या सांगाड्यात. बकेटचे बिजागर, दोन्ही हातांचे मुख्य सांधे, उचलणाऱ्या सिलिंडरची दोन्ही टोकं, बकेट पालटणारे दांडे, सगळं मिळून डझनभराहून जास्त पिना. प्रत्येक पिनेत अर्धा-अर्धा मिमी ढिलाई असली की बकेटच्या टोकाशी ती इंचभर होते. बकेट सपाट जमिनीवर टेकवा आणि ऑपरेटरला उचलायचा दांडा अगदी किंचित मागे-पुढे करायला सांगा. तुम्ही सुरक्षित अंतरावर बाजूला उभे राहून सांधे बघा. हात हलला पण बकेट हलली नाही, तर मधली सगळी हालचाल ही झीज. कोणत्या पिनेत ते डोळ्यांना लगेच कळतं, कारण तिथून ग्रीसचा काळा ओघळ आत-बाहेर होत असतो. नुसती पिन किंवा बुश गेला असेल तर बदलता येतो. पण ज्या भोकात बुश बसतो ते भोकच अंडाकृती झालं असेल, तर वेल्डिंग करून परत एका रेषेत बोअर मारावं लागतं आणि ते काम साध्या गॅरेजचं नाही.

त्यानंतर बकेट सिमेंटच्या जमिनीवर टेकवा आणि दोन्ही कोपरे बघा. एक कोपरा टेकला आणि दुसऱ्याखाली बोटं जात असतील, तर हात पिळलेले आहेत. कोणीतरी बकेटच्या एका कोपऱ्याने झाडाची मुळं किंवा गाडलेले दगड उपटत होता. अशा यंत्राच्या हातांमधल्या आडव्या नळीच्या वेल्डाजवळ आणि ज्या खांबांवर हात टांगलेले असतात त्यांच्या मुळाशी तडे शोधा. तड्यावर रंग बसत नाही, तिथे बारीक गंजाची रेषा दिसते. एक मोठा अनुभवी फिटर मला सांगायचा, "तडा हाताने शोध, डोळ्याने नाही," आणि चिंधीने अंग पुसत पुसत जायचा. चिंधीचा धागा अडकला की तिथे तो थांबायचा.

भरलेली बकेट पुरुषभर उंचीवर न्या, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं लांबून बघा, खाली कोणी नको. थोडी खाली सरकली तर चालेल. सर्रकन बसली तर सिलिंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. सिलिंडरच्या दांड्यांवर खड्डे किंवा उभे ओरखडे असतील, तर नवी सील चार दिवसांत फाटेल.

आता डोझरच्या पोटात जाऊ. ब्लेडची कड आणि कोपऱ्याचे तुकडे झिजणारच, ते बोल्टने बदलायचे भाग आहेत आणि त्यांच्यावर भाव ठरवणं म्हणजे घोडा विकत घेताना नाल बघणं. ब्लेडच्या दांड्यांचे गोळ्यासारखे सांधे ढिले असतील तर ब्लेड पुढे-मागे ठकठक करतं, पण शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) काढून किंवा टोपी बदलून ते बऱ्याचदा आटोक्यात येतं. मी बघतो तो इक्वलायझर बार, त्याची मधली पिन आणि फ्रेम जिथे झुलते ते बेअरिंग. डोझर हळूच एका ओंडक्यावर चढवून उतरवा. उतरताना पोटातून धप्प असा एक आवाज यायला हरकत नाही, पण धप्प-खट असे दोन आवाज आले तर मधली पिन खाल्लेली आहे. मागच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असली तर ट्रॅक फ्रेमचा पुढचा भाग आत-बाहेर फिरतो, चेन तिरकी धावते आणि नव्या रोलरचीही एक कॉलर वर्षभरात पातळ होते. कारण दुरुस्त न करता रोलर बदलणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

रिपर (जमीन फोडायचा मागचा दात) लावलेला डोझर असेल तर सगळी तपासणी मागून सुरू करा. रिपर जमिनीत अडकतो तेव्हा यंत्राची मागची बाजू वजन पेलते, मागचे रोलर, स्प्रॉकेट आणि फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारी शेवटची गिअरपेटी) झटके खातात. रिपर जिथे मुख्य केसिंगला बोल्टने बसतो तिथले बोल्ट नवे दिसत असतील तर का बदलले ते विचारा. तिथे वेल्डिंगचा ढीग दिसला तर विचारूही नका. एखाद्या डोझरला रिपर नाही पण मागच्या जागी रिपर बसवायचे कान चकचकीत घासलेले आहेत, म्हणजे रिपर काढून वेगळा विकला आहे. तो खडक फोडून आला आहे, जमीन सपाट करून नाही.

फायनल ड्राइव्हचा भाग दोन्ही यंत्रांत आहे. लोडरमध्ये वळणाचा आडवा जोर त्याच्या बेअरिंगवर येतो, डोझरमध्ये ओढीचा आणि झटक्यांचा. तेल काढायचा प्लग उघडून पेलाभर तेल पांढऱ्या कागदावर सोडा. करडी चमक चालते, कारण बारीक धूळ नेहमीच निघते. बोटांना टोचणारे कण, तुकडे किंवा दुधाळ रंग चालत नाही. दुधाळ म्हणजे पाणी शिरलं, सील गेली. कचऱ्याच्या डेपोवर वापरलेल्या लोडरच्या सीलमध्ये तार आणि नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडते. ती बाहेरून दिसत नाही, पण स्प्रॉकेटमागे तेलाचा काळा भिजका पट्टा असतो. स्प्रॉकेट जॅकवर उचलून पहारीने हलवला आणि हातभर अंतरावरूनही खडखड ऐकू आली, तर बेअरिंगांचा खर्च तुमच्या माथी.

इंजिनांबद्दल थोडंच. 955 ला चार सिलिंडरचं, डी6 ला सहा सिलिंडरचं. डोझरचं इंजिन तासन्‌तास भाराखाली दबलेलं असतं, लोडरचं वर-खाली होत असतं, म्हणून त्याच तासांत डोझरचं इंजिन जास्त जळालेलं असू शकतं. इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) धूर, तेल टाकायचं झाकण उघडल्यावर फुसफुस, गरम झाल्यावर तेलाचा दाब, हे तिन्ही दोन्हीकडे बघायचं. या दोन यंत्रांत इंजिनावर निर्णय मी सहसा घेत नाही. त्याचे भाग मिळतात आणि ते उघडायला येणारे हातही मिळतात. चेनवाल्या यंत्राच्या दुरुस्तीचा निम्म्याच्या आसपासचा खर्च नेहमी चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट या खालच्या भागावरच होतो, म्हणून माझं लक्ष तिकडे.

मीटरवरच्या तासांचा मोह सोडा. बऱ्याच जुन्या यंत्रांवरचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालायचा, घड्याळावर नव्हे, आणि नऊ हजार हा आकडा पहिल्यांदाचा की मीटर बदलल्यानंतरचा, हे कोण सांगणार? पेडलच्या रबराची झीज, बसायच्या सीटखालचा पत्रा, बकेटच्या दांड्यांचे गोटे, या गोष्टी मीटरपेक्षा खऱ्या बोलतात. नऊ हजार तासांच्या लोडरचे पेडल आरशासारखे गुळगुळीत असतील तर मी मनातल्या मनात आकडा दुप्पट करतो.

ऐंशीच्या दशकातला मागे इंजिन असलेला 953 किंवा 963 कोणी दाखवला तर हिशोब बदलतो. त्यात स्टिअरिंग क्लच नाहीत, प्रत्येक चेनला स्वतःचा हायड्रॉलिक पंप आणि मोटर असते, वळण मऊ होतं, दोन्ही चेन ओढत राहतात आणि चेनला खूप आराम मिळतो. धोका एवढाच की एका मोटरचा चुरा तेलाबरोबर सगळ्या सर्किटमध्ये फिरतो. फिल्टर कापून बघितल्याशिवाय असं यंत्र घेऊ नका.

आता तुमच्या कामाबद्दल. जमीन सपाट करणं आणि तळं खणणं म्हणजे दहातले आठ तास लोटायचं काम. त्यासाठी मी डी6 घेईन, लोडरपेक्षा त्याचे तास जास्त असले तरी, अट एवढीच की मधली पिन, मागचं बेअरिंग आणि फायनल ड्राइव्ह शाबूत हवेत. लोडरने जमीन सपाट होते, पण बकेटने पातळ थर सोलणं हे कौशल्याचं काम आहे आणि त्यात पुढचे रोलर खाल्ले जातात. गाड्या भरायला महिन्यातून दोन दिवस पोकलेन भाड्याने आणा. रोज गाड्या भरायच्या असत्या तर मी उलट सांगितलं असतं, आणि तेव्हाही आधी चेन मोजायला लावलं असतं.

तरीही लोडरवरच मन बसलं असेल, तर चेन मोजा, गरम पिना चाचपा, बकेट सिमेंटवर टेकवा, आणि ही तीन कामं उरकेपर्यंत किमतीचं नाव काढू नका. घेतल्यावर गाडी अशी तिरकी लावून घ्या की लोडरला चतकोर वळण पुरेल. वळायचं ते पुढे-मागे जाताना हळूहळू, एका जागी गरगर फिरून नाही. उजवी-डावी बाजू आठवड्याला पालटा. पुढचे रोलर मधल्यांपेक्षा लवकर पातळ होतात, तेव्हा ते पार जायच्या आत कॉलर बघून मधल्यांशी अदलाबदल करून घ्या. आणि संध्याकाळी यंत्र उभं करताना स्प्रॉकेटमधली माती फावड्याने काढा. ती रात्रीतून सुकली की सकाळची पहिली फेरी दगडावर दात घासल्यासारखी जाते.